खडा

माझ्या स्वादुपिंडात खडे आहेत.
डॉक्टरीणबाईंनी उजेडावर फिल्म धरली तेव्हा दिसले,
कुणीतरी मूठभर कण्या भिरकावल्यासारखे.
"दारू?"
प्रत्येक नव्या डॉक्टरचा पहिला प्रश्न.
मी सांगते, त्राव्निकमध्ये पडदे शिवते मी,
थेंबही कधी नाही.
ते लिहितात: रुग्ण नाही म्हणते.

अब्बाही असेच पोट आवळून
लोखंडी खाटेवर उकिडवे बसायचे रात्र रात्र,
आणि गल्ली म्हणायची, फिक्रेतची आज पुन्हा झालेली दिसते.
गेल्या वर्षी झाग्रेबहून कागद आला: रक्तातलंच आहे, वडिलांकडचं.
कबरीवर जाऊन वाचून दाखवला, मोठ्याने,
शेजारच्या कबरींनाही ऐकू जाईल असा.

मग त्याच पिंडाने साखरेवरचा हात काढला.
उतरवणारा हात गेला,
आणि पडताना सावरणारा, तोही.
आता जिना आहे घरात, कठडा नाही,
कुठल्याच बाजूला.
सकाळी पाच पूर्णांक आठ.
दुपारी सोळा. का?
सूप तेच, पाव तोच, मीही तीच.
शेजारच्या रामिझालाही साखर आहे.
ती म्हणते, एक गोळी घे अन् चाल भराभर.
मी चालते. लाश्वाच्या काठाने, पुलापर्यंत.
पुलावर कळ येते, बरगडीखालून पाठीत,
तेव्हा कठड्याला टेकून
मासे बघत असल्याचं दाखवते.

खाण्याआधी एक कॅप्सूल, मध्ये एक.
आत भुरकट दाणे, डुकराच्या पिंडाचे.
ते नसले तर अन्न पोटातून नुसतं पाहुण्यासारखं जातं.
इमामांना विचारलं. म्हणाले, जिवासाठी चालतं.
पुन्हा विचारलं.
म्हणाले, शेफिका, उत्तर तेच आहे.

तरी त्या संध्याकाळी, रामिझाच्या घरी,
गडावरून तोफ झाली,
खजूर फिरले, तुपाने डबडबलेला तोपा आला,
अठरा माणसं एका सोफ्याभोवती.
मी बाथरूममध्ये जाऊन इन्सुलिन टोचलं
आणि कॅप्सूलची डबी पर्समध्येच ठेवली.
या ताटांमध्ये, या दिवशी, कशी काढू?
खाल्लं. हसले. दोनदा वाढून घेतलं.
अन्न आत तसंच पडून राहिलं
आणि इन्सुलिन मात्र कामाला लागलं,
रिकाम्या घरात वसुलीला आलेल्या माणसासारखं.

नंतरचं मला लोकांनी सांगितलं.
की मी टेबलक्लॉथ मापू लागले, वितीने,
शिवायला घेतल्यासारखा.
की कुणी पाणी मारलं, कुणी डॉक्टरला फोन केला,
आणि रामिझाची सासू, नव्वदीची झेय्फा,
जिला कानाने काही ऐकू येत नाही,
कॉफीच्या ताटलीतून साखरेचा खडा उचलून
माझ्या गालात दाबून बसली.
मग दुसरा. मग तिसरा.

आमच्याकडे कॉफीत साखर ढवळत नाहीत.
खड्याचं टोक बुडवायचं, तेवढंच चावायचं,
वर कडू घोट.
सात वर्षांत पहिल्यांदा
माझ्या जिभेवर खडा अख्खा विरघळला.
मी रडत होते, ते कळेपर्यंत
झेय्फाने पर्स उपडी केली होती.
डबी उचलून तिने उजेडात धरली,
आणि बहिऱ्या माणसांच्या आवाजात विचारलं,
"बिचारं तुझ्यासाठी मेलं,
आणि तू त्यालाच लपवतेस?"
अठरा माणसं गप्प.
मग कुणीतरी फिसकलं. बहुतेक मीच.

ईदच्या जेवणात माझ्या ताटाशी
मिठाच्या वाटीला लागून डबी ठेवलेली होती. कुणी ठेवली, विचारलं नाही.
त्या दिवशी दुपारी तरी साखर चौदा होती.
रात्री कळ आली.
कुठलीच गोष्ट सुटली वगैरे नाही.

एक खडा आता एप्रनच्या खिशात असतो, कागदात गुंडाळून.
आतले मी मोजत नाही.
आज मशीनच्या पायाशी एक पडलेला सापडला,
अर्धा, मुंग्यांनी वेढलेला.
झाडू हातात होता.
मशीनच थोडं सरकवून घेतलं.